काढे, चूर्णं, पुड्या आणि कॅप्सूल : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुळवेलीच्या काढ्यापासून डबीतल्या हळदीच्या कॅप्सूलपर्यंत ज्या गोष्टी लोक ‘नैसर्गिक’ म्हणून स्वतःच्या मनाने घेतात, त्यांच्याबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं औषध चांगलं की वाईट, असा सरसकट निकाल इथे सापडणार नाही. कोणती वनस्पती, किती प्रमाणात, किती दिवस आणि सोबत दुसरं काय चालू आहे, एवढं कळल्याशिवाय तसा निकाल देताच येत नाही.

नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?

धोतरा, बचनाग, कुचला, जमालगोटा, बिब्बा, गुंज. हे सगळं निसर्गातलंच आहे आणि सगळं आयुर्वेदात शुद्धी करून औषध म्हणून वापरलंही जातं. औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत ‘ई-१’ नावाचं परिशिष्ट आहे, त्यात अशा विषारी द्रव्यांची यादी दिली आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना लेबलवर इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. ती सूचना दिसली की ती बाटली शेजारणीच्या सल्ल्यावर सुरू करायची नाही.

ज्या वनस्पतीचा शरीरावर काही परिणाम होतो, तिचा जास्त झाल्यावर त्रासही होतोच. ‘याचा काहीच साइड इफेक्ट नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर इफेक्ट तरी आहे का, हे आधी विचारावं.

पण इतके लोक वापरतात. सगळे काय वेडे आहेत?

अजिबात नाहीत. जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात केंद्राच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आयुषवर, म्हणजे आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी अशा पद्धतींवर, स्वतंत्र सर्वेक्षण केलं. आधीच्या वर्षभरात आयुष पद्धतीचा काही ना काही वापर केलेल्यांचं प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के निघालं. म्हणजे ही खेड्यातल्या अडाणी लोकांची सवय आहे, ही समजूत आकड्यांनीच खोडून काढली आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्येही शतावरीची बरणी असते आणि सुरगाण्याच्या पाड्यावरही हिरडा असतो. फरक एवढाच की पाड्यावरच्या माणसाला बऱ्याचदा झाड ओळखता येतं आणि फ्लॅटमधल्याला फक्त लेबल वाचता येतं. पुष्कळदा तेही वाचलं जात नाही.

किती लोक वापरतात यावरून औषध लोकप्रिय आहे एवढंच कळतं. ते तुमच्या आजाराला लागू पडेल का, हा प्रश्न तसाच उरतो.

डबी हातात घेतली. आता नेमकं काय वाचायचं?

आधी ही वस्तू औषध आहे की खाद्यपदार्थ, ते ठरवा. दोन्ही एकाच कपाटात, एकसारख्या हिरव्या डब्यांत विकले जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

औषध असेल तर ‘आयुर्वेदिक औषध’ अशा अर्थाचे शब्द, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत असते. घटकांची यादी प्रमाणासह दिलेली असते. ‘प्रत्येक ५ ग्रॅममध्ये अमुक इतके मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं ‘दुर्मिळ हिमालयीन वनौषधी’ लिहिलं असेल तर डबी परत ठेवा. यादीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे काही त्रास झाला तर डॉक्टरांना तेच नाव उपयोगी पडतं.

खाद्यपदार्थ म्हणजे फूड सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआयचा म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना असते. समोर मोठ्या अक्षरात ‘शुगर कंट्रोल’ आणि मागे बारीक अक्षरात ही सूचना, असा प्रकार सर्रास दिसतो. त्यातलं मागचं वाक्य कायद्याने छापायला लावलेलं असतं, पुढचं विकणाऱ्याने.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, पण किरकोळ विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे किराणा दुकान, जिम, ब्युटी पार्लर, सोसायटीतल्या ‘वेलनेस’ मीटिंगमध्ये कुठेही ते मिळू शकतं. ‘दुकानात उघड विकतात, म्हणजे कुणीतरी तपासलंच असेल’ हा तर्क इथे फार दूर जात नाही.

‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ असं छापलंय. मग तर चालेल ना?

उत्पादन परवाना राज्याचं परवाना प्राधिकरण देतं. मंत्रालय एकेका डबीला मान्यता देत बसत नाही. असा शिक्का दिसला तर विश्वास वाढवण्याऐवजी परवाना क्रमांक शोधा.

सुट्या काष्ठौषधी घ्याव्यात की पॅकबंद?

दोन्हीला जागा आहे. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत किंवा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात माल घेताना एक नियम पाळला तरी अर्धी फसवणूक टळते, तो म्हणजे अख्खं घ्या, दळलेलं घेऊ नका. अख्खा हिरडा, बेहडा, आवळकाठी ओळखता येते. कीड लागली असेल तर भोकं दिसतात, बुरशी असेल तर पांढरट-हिरवट थर दिसतो, वास बसका येतो. एकदा चूर्ण झालं की हिरड्यात काय मिसळलंय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

घरी आणल्यावर निवडा, ओल्या फडक्याने पुसून कडक उन्हात वाळवा, मग मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळा. हिरड्याच्या आणि बेहड्याच्या बिया आधी काढायच्या असतात. त्रिफळ्यात टरफल म्हणजे फळाचा गर वापरतात, बी नाही. बियांसकट दळलेलं त्रिफळा वजनाला जास्त भरतं, म्हणून स्वस्त पडतं.

अदलाबदल कुठे होते, हेही माहीत असावं. अशोकाची साल म्हणून बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, खाली झुकलेल्या पानांच्या खोट्या अशोकाची साल मिळते. काळ्या मिऱ्यात पपईच्या बिया असतात. थोडे दाणे पाण्यात टाकले तर पपईच्या बिया वर तरंगतात आणि भरलेलं मिरं बुडतं. दालचिनी म्हणून बहुतेक ठिकाणी जाड सालीची कॅशिया मिळते. खरी सिलोन दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरांची आणि बोटांनी चुरडणारी असते. रोज चमचाभर खाणाऱ्याने हा फरक बघावाच, कारण कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते काहींच्या यकृताला सोसत नाही.

२०२७ च्या सिंहस्थात पंचवटीकडे जडीबुटीच्या पथाऱ्या वाढतील. तिथलं ‘अस्सल शिलाजित’ किंवा मुळीचा तुकडा हौस म्हणून बघा. पोटात घ्यायला घेऊ नका.

पावसाळ्यात चूर्णाचे गोळे होतात. चाळून वापरलं तर?

नको. गोळे झाले म्हणजे ओल शिरली आणि ओलीबरोबर बुरशी येते. बुरशीचं विष चाळणीने जात नाही, उन्हात टाकूनही जात नाही. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे तर जून ते सप्टेंबर हवा सतत दमट. त्यामुळे महिनाभर पुरेल एवढंच चूर्ण दळा, काचेच्या बरणीत ठेवा आणि चमचा कोरडा वापरा. गॅसच्या शेगडीवरचं फडताळ ही सगळ्यात वाईट जागा, कारण वाफ थेट तिथे जाते.

पॅकबंद चूर्णाची मुदत साधारण २ वर्षं असते, ती न उघडलेल्या डब्याची. उघडल्यावर तो हिशेब संपतो.

काढा नेमका कसा करायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

शास्त्रातलं माप असं आहे : एक भाग औषध, सोळा भाग पाणी, मंद आचेवर उकळून आठवा किंवा चौथा भाग उरवायचा. घरच्या मापाने १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी आणि आटवून ४० मिली. भरड म्हणजे रव्याइतकी जाडसर. बारीक पूड टाकली तर तळाशी लागते, गाळताना गाळ उतरतो आणि घसा खवखवतो.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. आवळा, चिंच, लिंबू असं आंबट काही असेल तर तांब्या-पितळेचं आणि अॅल्युमिनियमचं नको. झाकण ठेवायचं नाही. तुळस, दालचिनी, ओवा यांसारख्या सुगंधी गोष्टी मात्र अपवाद. त्या शेवटी टाकून, गॅस बंद करून, झाकून दहा मिनिटं ठेवायच्या, नाहीतर औषध वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं आणि पेल्यात नुसता रंग उरतो. सकाळचा काढा सकाळीच संपवा. फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवस पुरवायचा नसतो.

कोविडपासून रोज काढा घेतो. चालू ठेवू का?

आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या काढ्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ भाग असं प्रमाण होतं. एका वेळी ३ ग्रॅम पूड १५० मिली गरम पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. घराघरांत त्याचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे : मूठभर मिरी, बोटभर आलं, चार लवंगा, जेष्ठमध, गुळवेल सगळं एकदम आणि दिवसात तीनदा. मग छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याधीतून रक्त. सर्दी-पडशात चार-पाच दिवस सौम्य काढा घेणं वेगळं आणि वर्षभर चहासारखा पिणं वेगळं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर थांबवाच.

जेष्ठमध त्यात असेल तर आणखी सांभाळा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात पाणी व मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही मर्यादा मानतात. जेष्ठमधात ते ४ टक्के धरलं तरी ३ ग्रॅम पुडीत १२० मिलिग्रॅम होतं. बीपीची, विशेषतः लघवी होण्याची गोळी चालू असलेल्यांनी रोज जेष्ठमध घेऊ नये.

गुळवेलीने लिव्हर खराब होतं का?

सगळ्यांचं नाही, पण काहींचं झालेलं आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमधली यकृताची सूज नोंदवून प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, तशा प्रकारची ती होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. दुसरी, दिसायला जवळची वेल चुकून वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. त्या वेलीच्या खोडावर दाट गाठी असतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं लक्षात घेतलं तरी व्यवहारात करायचं तेच : कुंपणावरची अनोळखी वेल तोडून काढा करू नका. आणि थायरॉइडची सूज, संधिवात, ल्युपस, सोरायसिस यांपैकी प्रतिकारयंत्रणेशी निगडित काही असेल, तर गुळवेल वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय नको.

भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि यकृताच्या एसजीपीटी-बिलिरुबिन या रक्तचाचण्या करून घ्या. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ या समजुतीवर दोन आठवडे काढलेले महागात पडतात.

हळद तर रोज खातोच. मग कॅप्सूलला काय हरकत?

प्रमाण. एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळद आणि त्यात कर्क्युमिन हा मुख्य घटक तीनेक टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं, वर मिऱ्याचं सत्त्व घातलेलं, जेणेकरून ते रक्तात कितीतरी जास्त उतरावं. भाजीतल्या हळदीचा हजारो वर्षांचा अनुभव या कॅप्सूलला लागू होत नाही. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी परदेशात आहेत. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब राहावं.

अश्वगंधेचंही तसंच. ३ ग्रॅम चूर्ण दुधात घेणं आणि घट्ट केलेल्या अर्काच्या दोन कॅप्सूल घेणं यांत फरक आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधेने हॉर्मोन वाढून धडधड, घाम, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते.

जॉगिंग ट्रॅकबाहेर दुधी, कारलं, गव्हांकुराचे रस मिळतात. पिऊ का?

कृषीनगरच्या ट्रॅकपासून नाशिकरोडपर्यंत सकाळी या गाड्या दिसतात. बाकी रसांचं जाऊ द्या, दुधीच्या रसाचं मात्र नीट ऐका. दुधी कडू निघाला तर त्यात क्युकरबिटासिन नावाचं विष असतं. त्याने काही मिनिटांत ते तासाभरात उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, बीपी कोसळणं असं होऊ शकतं आणि भारतात यामुळे मृत्यूही झालेले आहेत. कच्च्या दुधीची एक चकती चावून बघा, कडू लागली तर अख्खा दुधी टाका. गाडीवर अडचण अशी की रसात आवळा, कारलं, आलं, पुदिना मिसळलेला असतो आणि कडूपणा कशाचा ते कळत नाही. म्हणून दुधीचा रस प्यायचाच असेल तर घरी, एकटा आणि चाखून. खरं तर भाजी करावी.

कडू रस प्यायला गेलाच तर ‘औषध कडूच असतं’ म्हणून पेला संपवू नका. थांबा आणि उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना गाठा.

कोरफडीच्या गरातही असंच एक लपलेलं आहे. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक जोरदार रेचक असतो. पान तिरकं उभं करून चीक निथळू द्या, गर धुवा, मगच वापरा.

मधुमेहाची गोळी चालू आहे. सोबत कारलं, मेथी, जांभळाच्या बियांचं चूर्ण?

यांनी साखर थोडी उतरते, धोका तिथेच आहे. गोळीने उतरलेली साखर आणखी खाली गेली की थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर शक्यता जास्त. चूर्ण सुरू करायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, ग्लुकोमीटर जवळ ठेवून आणि पहिले दोन आठवडे उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी साखर लिहून ठेवून. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

उलटी चूक जास्त घातक आहे : चूर्ण सुरू केलं म्हणून गोळी बंद. गोळी कमी करायची की नाही ते आकडे ठरवतील, पुडीवरचं चित्र नाही.

आणखी कोणत्या गोळ्यांशी खटकतं?

वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, गिंको ही वनौषधी यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. फोडणीतल्या लसणाला कुणी मनाई करत नाही.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन लगेच इसबगोल घेतला तर गोळी त्यातच अडकते. किमान चार तासांचं अंतर ठेवा. इतर गोळ्यांशी दोन तासांचं तरी. इसबगोल घेताना पूर्ण पेलाभर पाणी हवंच. कोरडा फाकला तर तो घशात-अन्ननलिकेत फुगून अडकतो, म्हाताऱ्या माणसांत विशेष.

सोनामुखी असलेलं ‘पोट साफ’ चूर्ण आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे रोज घेऊ नका. पोटॅशियम उतरतं आणि आतड्याला त्याचीच सवय लागते. त्रिफळा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते, ती लेबलवर शोधा.

सांधेदुखीच्या पुडीने दोन दिवसांत फरक पडला. इतकी चांगली पुडी बंद का करायची?

दोन दिवसांत फरक पडला म्हणूनच. वनौषधींनी जुनाट सांधेदुखी, दमा किंवा त्वचारोग रातोरात आटोक्यात येत नाही. नाव-गाव नसलेल्या पुडीने तो आला, तर आत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शंका पहिली घ्यावी. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरचं अॅलोपॅथी औषध) आणि साखरेच्या पुड्यांत अॅलोपॅथीच्याच मधुमेहाच्या गोळ्या दळून घातल्याचं प्रयोगशाळांत वारंवार सापडलं आहे.

स्टेरॉइडच्या खुणा अशा : भूक अचानक खुलते, चेहरा गोल आणि तुकतुकीत होतो, पोट सुटतं पण हातपाय बारीक होतात, सहज काळं-निळं पडतं, बीपी आणि साखर वर जाते. घरचे म्हणतात, ‘तब्येत सुधारली.’ पुडी तीन-चार महिने चालली असेल तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम जवळजवळ थांबवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशी शंका आली तर महिनोन्महिने चाललेली पुडी एकदम बंद करू नका. ग्रंथी झोपलेल्या असताना बाहेरचं स्टेरॉइड तोडलं तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, बीपी पडणं असं होऊन जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन त्याच दिवशी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. किती दिवस, दिवसाला किती पुड्या, ते नेमकं सांगा. ते मात्रा हळूहळू उतरवतील. दोन-चार पुड्या न वापरता जपून ठेवा, तपासणीला लागतात.

भस्मांत शिसं आणि पारा असतो हे खरं?

नागभस्म शिशापासूनच होतं, रससिंदुरात पारा असतो, हे ग्रंथांतच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वाद आहे तो ते नीट बनलंय का आणि ते शरीरात किती साठतं यावर. अमेरिकेत २००८ मध्ये इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात अमेरिकेत बनलेलीही होती.

निव्वळ वनस्पतींच्या औषधासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत : शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. चांगला उत्पादक बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर देतो. भस्मयुक्त औषध गरोदर बाई, स्तनदा आई, लहान मूल आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी घेऊ नये. बाकीच्यांनी वैद्याच्या चिठ्ठीवर, ठरलेल्या दिवसांपुरतंच घ्यावं. पोटात पिळवटून दुखणं, सततचा बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं आणि त्याचं कारण सापडत नाही अशी वेळ आली, तर रक्तातलं शिसं तपासायला सांगा आणि भस्म घेतल्याचं लपवू नका.

बाळगुटी द्यावी का? आजी म्हणते दिलीच पाहिजे.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. पाणीही नाही. आजीशी भांडण्यापेक्षा तिला गुटीतल्या तीन गोष्टी दाखवा. पहिली, मध : वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून बोटभरही नको. दुसरी, वेखंड : त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ पासून ते अन्नात वापरायला बंदी घातली आहे, आणि बाळांना जास्त झालं की उलट्या होतात. तिसरी, जायफळ : बाळ शांत झोपतं ते गुंगीने. ‘एक वळसा’ या मापात सहाणेचा खडबडीतपणा आणि हाताचा जोर धरलेला नसतो. एका घरातला वळसा दुसऱ्या घरात तिप्पट भरतो.

सहा महिन्यांनंतर बदाम-खारकेचा वळसा द्यायचाच असेल, तर सहाण आणि प्रत्येक मुळी गरम पाण्याने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळून, लगेच द्या. वाटीत ठेवून संध्याकाळी पुन्हा नाही.

गरोदरपणात काय चालेल?

रोजच्या जेवणातले मसाले चालतात. बाकी काढा, चूर्ण, अर्क, शिवाय ‘गर्भसंस्कार किट’मधल्या गोळ्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नाहीत.

आसव-अरिष्टांत दारू असते?

आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के, आणि ते लेबलवर लिहिलेलं असतं. २० मिली घेतलं तर एक-दोन मिली शुद्ध अल्कोहोल झालं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. दारू सोडवण्याची डायसल्फिराम गोळी चालू असलेल्यांना मात्र एवढंही जड जातं. यकृताचा विकार असेल तरी टाळा. गुळाचं प्रमाणही भरपूर असतं, हे मधुमेहींनी लक्षात घ्यावं. समभाग पाणी घालून, जेवणानंतर घ्यायचं. पाणी न घालता घेतलं की घशाला आणि पोटाला झोंबतं.

ऑपरेशन ठरलंय. काय थांबवायचं?

सगळी चूर्णं, अर्क, कॅप्सूल दोन आठवडे आधी, भूलतज्ज्ञांना यादी दाखवून. डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत.

डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतात. म्हणून सांगत नाही.

काही ओरडतात, हे खरं आहे, आणि त्यामुळेच लोक लपवतात. उपाय साधा आहे. घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरून टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘यातलं माझ्या गोळ्यांशी काही खटकतं का?’ ‘आयुर्वेद घेऊ का?’ या प्रश्नावर वाद होतो, पिशवीच्या प्रश्नावर उत्तर मिळतं. वैद्यांकडे जातानाही अॅलोपॅथीच्या गोळ्या त्याच पिशवीत असू द्या. तिकडेही लपवालपवी कमी नसते.

वैद्य खरे आहेत का, हे कसं कळणार?

बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक, दोन्ही विचारा. नोंदणीकृत वैद्य चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देतात. शंका असेल तर गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे दुसरं मत घेता येतं.

‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात कायदेशीर आहे का?

नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, फेफरं, लठ्ठपणा, उंची वाढवणं अशा बऱ्याच गोष्टींवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. ती जाहिरात रिक्षामागे असो वा मोबाइलवर.

औषध लागू पडतंय का, हे कसं ओळखायचं?

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. तीन एकदम सुरू केल्या तर फायदा कुणाचा आणि पुरळ कशाने, काहीच कळत नाही. सुरू करायच्या आधी मोजता येईल असं काहीतरी लिहून ठेवा : आठवड्यातले शौचाचे दिवस, किती जिने चढता येतात, साखरेचा आकडा. सहा ते आठ आठवड्यांची मुदत घाला. फरक नसेल तर बंद. पैसे घातलेत म्हणून डबी संपवायची, ही सवय औषधाला लावू नका.

त्रास झाला. तक्रार कुठे करायची?

आधी औषध थांबवा (महिनोन्महिने घेतलेल्या संशयास्पद पुडीबाबत वर सांगितलंय ते सोडून) आणि डॉक्टर गाठा. डबी, उरलेलं औषध आणि बिल जपून ठेवा. बिल मागायची सवय नसते, नेमकी तिथेच तक्रार अडते. महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५. दुष्परिणाम नोंदवायला औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००१८०३०२४ आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१८ पासून स्वतंत्र यंत्रणा आहे, तिथे वैद्यांमार्फतही नोंद करता येते. उत्पादनाचं नाव, बॅच क्रमांक, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला आणि सोबत कोणत्या गोळ्या होत्या, एवढं लिहून ठेवलं की फोनवर पाच मिनिटांत काम होतं.

मुदत संपलेल्या डब्यांचं काय करायचं?

चूर्ण आणि काष्ठौषधी घरच्या ओल्या कचऱ्यात गेली तरी चालतं. भस्म आणि पारा-शिसं असलेल्या गोळ्या मात्र ओल्या कचऱ्यात, बेसिनमध्ये किंवा निर्माल्याबरोबर गोदावरीत नाही. त्या डबीसकट चिकटपट्टीने बंद करून, वर नाव लिहून, घंटागाडीवर घातक कचऱ्यात वेगळ्या द्या.